मधुमेही रुग्ण आणि नवरात्रातील उपवास

आश्विनात घटस्थापना होताच तुळजापूर परिसरातील अनेक मधुमेही नऊ दिवसांचा उपवास धरतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रचारात आणलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धतही आपल्या रुग्णांना परिचित आहे. उपवास कोणास द्यावा, हा वैद्यापुढील खरा प्रश्न होय.

चरकाचार्यांनी दशविध लंघनात उपवास सांगितला. प्रमेहचिकित्सेत मात्र बलवान स्थूल रुग्णास संशोधन व दुर्बल कृश रुग्णास बृंहण असा भेद केला. स्थूल रुग्णाने आहार नियंत्रित केल्यास वजन उतरते व इन्सुलिनचे कार्य सुधारते. परंतु साबुदाणा व बटाटा हे पिष्टमय पदार्थ पोटभर खाल्ल्यास उपवास नावापुरता उरतो आणि साखर वाढते.

याउलट धोका औषधांचा आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड ही औषधे अन्न नसतानाही स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवण्यास भाग पाडतात. गोळी घेतली आणि जेवण टाळले, तर रक्तशर्करा ७० मि.ग्रॅ.च्या खाली उतरू शकते. घाम, कंप, भ्रम ही लक्षणे दिसताच शुद्धीवरील रुग्णास १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे व १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही न घालता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

म्हणून आम्ही सुचवितो की, घटस्थापनेपूर्वीच वैद्यांनी रुग्णाची सर्व औषधे विचारावीत व मात्राबदल मूळ चिकित्सकाच्या सल्ल्याने करवून घ्यावा. औषधविक्रेत्यांनीही गोळ्या देताना “उपवास आहे का?” एवढे अवश्य विचारावे.