आत्याच्या वायफायचं बिल

मैत्रिणींनो, आपल्या गटातल्या हिशोबात पाच रुपयांचा फरक आला तरी आपण वही पुन्हा तपासतो. पण घरातल्या वायफायला महिन्याला किती जातात हे बैठकीत विचारलं, तर निम्म्या ताया म्हणतात, "ते मुलाला माहीत." घरात सासू-सासरे किंवा आई-वडीलच राहत असतील तर विचारायलाच नको. म्हणून या वेळचा पाठ आपण वायफायच्या बिलावर घेऊ. उदाहरण माझ्याच घरातलं आहे.

माझी आत्या आणि अण्णा गावी दोघंच असतात. लॉकडाऊनमध्ये आतेभाऊ गावी येऊन लॅपटॉपवर काम करायचा, तेव्हा त्याने फायबरची लाईन घेतली. पुढे तो पुण्याला परत गेला, पण लाईन आणि प्लॅन दोन्ही तसेच राहिले. दर महिन्याला वायरवाला दादा यायचा आणि आत्या त्याच्या हातात १,२०० रुपये ठेवायची. पावती नाही, बिल नाही. "आत्या, हे १,२०० कशाचे गं?" असं विचारलं तर म्हणाली, "इंटरनेटचे. सगळ्यांना तेवढेच असतात ना?"

तसं नसतं. आतेभावाकडून बिल मागवलं. प्लॅन ९९९ चा होता. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,१७९ रुपये होतात. वरचे २१ रुपये सुट्ट्या पैशांच्या नावाखाली दर महिन्याला जात होते. प्लॅनमध्ये १५० एमबीपीएस स्पीड होता आणि सिनेमांची दोन-तीन अ‍ॅप होती. ती या घरात कुणी एकदाही उघडलेली नव्हती.

आता एमबीपीएस म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण जास्तीचे पैसे इथेच जातात. हा नळाच्या पाईपसारखा हिशोब आहे. जितका आकडा मोठा तितका पाईप जाड. टीव्हीवर चांगलं एचडी चित्र बघायला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलला त्याहून कमी लागतं. अण्णा टीव्हीवर कीर्तन बघतायत आणि आत्या त्याच वेळी नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलतेय, एवढं सगळं धरलं तरी १० च्या आत काम होतं. कंपन्यांचा सगळ्यात लहान प्लॅन बहुतेक ३० किंवा ४० एमबीपीएसचा असतो. म्हणजे सगळ्यात स्वस्त प्लॅनसुद्धा या दोघांना भरपूर आहे. घरात दोघं-तिघं एकदम ऑनलाइन काम करत असतील किंवा मुलं मोठ्या फाइली उतरवत असतील, तर गोष्ट वेगळी.

"मग वायफाय काढूनच टाकू," असं आत्या लगेच म्हणाली. मला ते पटलं नाही. अण्णांचा गुडघा दुखतो, देवळात जाऊन कीर्तन ऐकणं होत नाही. टीव्हीवरचं कीर्तन हा त्यांचा दिवसातला आनंदाचा तास आहे. तुम्हीही कुणाचं बिल कमी करायला बसलात तर आधी त्या माणसाला विचारा, तुम्ही दिवसभरात यावर काय काय बघता? आपण पैसे वाचवायच्या घाईत त्यांच्याकडून नेमकं तेच काढून घेतो. मात्र घरात स्मार्ट टीव्ही नसेल, एकच माणूस मोबाईलवर थोडंफार बघत असेल, तर वायफायची गरजच नाही. मोबाईलच्या पॅकमधला रोजचा एक-दीड जीबी पुरतो.

उलट चूकही होते. घरात वायफाय आहे आणि दोघांच्या मोबाईललाही रोजच्या डेटाचा महाग पॅक! एकाच गोष्टीचे दोनदा पैसे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला, की फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला पॅकही कंपन्यांनी ठेवलाच पाहिजे. साधा फोन वापरणाऱ्यांना आणि दिवसभर घरीच असणाऱ्यांना तो चालतो. दुकानदार तो स्वतःहून सांगेलच असं नाही, नाव घेऊन मागा. पण बाहेर फोनवरून पैसे पाठवत असाल तर हा पॅक घेऊ नका, घराबाहेर इंटरनेट चालणार नाही.

आता प्लॅन बदलायची गंमत ऐका. मी कंपनीला फोन लावला, तर ओटीपी गेला पुण्याला. कनेक्शन आतेभावाच्या नंबरवर होतं. बिलाचे, वाढीव दराचे सगळे मेसेज त्याच्याकडे जायचे आणि तो ते न वाचता पुसायचा. संध्याकाळी तो कामावरून आल्यावर त्याला फोनवर धरून पुन्हा कॉल केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "स्पीड खूप कमी होईल, चित्र अडकेल." मी विचारलं, "एका टीव्हीला ३० एमबीपीएस कमी पडतात का?" त्यावर ती जरा थांबली आणि तक्रार नंबर देऊन प्लॅन बदलला. नवीन प्लॅन पुढच्या बिलापासून लागू झाला. ३९९ अधिक जीएसटी, म्हणजे ४७१ रुपये.

तुम्ही फोन कराल तेव्हा नंबर जुन्या बिलावरचा किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधलाच घ्या. गुगलवर शोधलेल्या नंबरवर भामटे बसलेले असतात. यूपीआय पिन कुणीही मागितला तरी द्यायचा नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा. कंपनी दाद देत नसेल तर तक्रार नंबर जपून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर सांगा. आणखी एक, सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आधीच भरले असतील तर ती मुदत कधी संपते ते विचारा आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. पैसे खात्यातून आपोआप कापले जात असतील, तर ज्या यूपीआय अ‍ॅपमधून ते चालू केलं तिथेच ऑटोपे बंद करता येतं.

हिशोब करू. आधी १,२००, आता ४७१. महिन्याला ७२९ वाचले, वर्षाला ८,७४८. आतेभाऊ जाऊन अडीच वर्षं झाली होती, म्हणजे वीस हजारांच्या वर गेले. त्याच काळात आत्याने गोठ्याच्या पत्र्यांसाठी गटातून १५,००० चं कर्ज घेतलं होतं आणि त्याचं व्याज भरत होती. हे मी बोलून दाखवलं नाही, पण तिनेच बोटांवर मोजलं आणि बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पोराला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल."

पुढच्या बैठकीला येताना आपल्या किंवा सासू-सासऱ्यांच्या वायफायचं शेवटचं बिल सोबत आणा. बिल मिळत नसेल तर वायरवाल्या दादाकडून पावती मागा. आत्याने परवा मागितली. त्याने वहीत शोधल्यासारखं केलं आणि उद्या देतो म्हणाला. ती म्हणाली, "मग पैसेही उद्याच ने."