पदव्युत्तर संशोधन : एका प्रबंधाचा धडा

विद्युत अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात विद्यार्थी उपलब्ध ज्ञान आत्मसात करतो. पदव्युत्तर शिक्षणात त्याने त्या ज्ञानात भर घालावी, अशी अपेक्षा असते. ही भर कशी पडते, याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत आढळते.

तेथील विद्युत अभियांत्रिकी विभागात प्रा. व्हॅनेव्हार बुश यांनी अवकल समीकरणे सोडविणारे यंत्र उभारले होते. १९३६ साली क्लॉड शॅनन हे विद्यार्थी त्यावर संशोधन साहाय्यक म्हणून काम करू लागले. यंत्राचे नियंत्रण अनेक रिले, म्हणजे विजेवर चालणाऱ्या कळा, करीत. रिलेचा संपर्क एक तर जुळलेला असतो किंवा तुटलेला. जॉर्ज बूल यांच्या तर्कबीजगणितात विधान एक तर सत्य असते किंवा असत्य. हे साम्य हेरून शॅनन यांनी १९३७ साली पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध लिहिला. मंडलांची रचना अंदाजाऐवजी समीकरणांनी करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. आजच्या संगणकांतील मंडलांची आखणी याच पायावर उभी आहे.

यंत्रसामग्रीच्या खरेदीने प्रयोगशाळा सजते, पण संशोधन घडत नाही. यंत्र स्वतः हाताळणारा आणि त्याविषयी मूलभूत प्रश्न विचारणारा विद्यार्थी घडविणे, हेच पदव्युत्तर विभागाचे खरे कार्य होय.