पोराला लागलं का?

गेली काही वर्षं मी ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर काम करते. इंजिन नसलेली गाडी, समोर तीन मोठे पडदे आणि त्यांवर संगणकाने रचलेला रस्ता. गाडीतल्या नव्या यंत्रणेमुळे किंवा रस्त्यावरच्या नव्या फलकामुळे माणूस खरंच सावध होतो का, हे कुणाचा जीव धोक्यात न घालता तपासायचं, हे आमचं काम. ते करता करता जे उमगलं, ते सांगते.

१. खोट्या रस्त्यावर माणूस खोटंच वागणार, असं मी धरून चालले होते. ते अर्धंच खरं निघालं. गाडी हादरत नाही, वारा लागत नाही, त्यामुळे वेग कमी भासतो आणि माणसं गाडी जरा जास्तच पळवतात. म्हणून पडद्यावरचा वेग जसाच्या तसा खऱ्या रस्त्याला लावायचा नसतो. पण एकाच माणसाला तोच रस्ता एकदा सूचना देऊन आणि एकदा न देता चालवायला दिला, की दोन्हींतला फरक बरंच काही सांगतो. मी विश्वास ठेवते तो त्या फरकावर.

२. घाट रचणं सोपं, सोसणं अवघड. डोळ्यांना वळण दिसतं, पण कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण जागेवरच आहोत. मग पोट ढवळायला लागतं. आता टेबलावर आलेपाकाच्या वड्या असतात आणि कुणी ‘पुरे’ म्हटलं की मी लगेच थांबवते.

३. समोर बसलेला माणूस मला आकडा वाटू लागला होता, हे एका ट्रक ड्रायव्हर काकांनी दाखवून दिलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, त्या बिनइंजिनाच्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला आणि मगच बसले. आमच्या प्रसंगात उभ्या टेम्पोच्या आडून एक मुलगा अचानक रस्त्यावर येतो. काकांनी ब्रेक दाबला, पण उशीर झाला. पडदा काळा झाला. मी ब्रेकची वेळ टिपून घेत होते. काका मात्र स्टिअरिंग घट्ट धरून तसेच बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, “ताई, पोराला लागलं का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून प्रयोग संपला की मी वही मिटते, चहा मागवते आणि माणूस सावरेपर्यंत त्याच्याशी बोलत बसते. असं काही समोर येऊ शकतं, याची कल्पनाही आधीच देते.

४. सूचना देणं म्हणजे मदत करणं, हा माझा समज होता. पण धोक्याचा बीप वाजला की कित्येकांची नजर आधी डॅशबोर्डकडे जाते, काय झालं ते बघायला. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे जाते. दोन सेकंद नजर खाली गेली, तर पन्नासहून जास्त मीटर रस्ता न बघता कापला. शिवाय लेन सुटली की वाजणारी यंत्रणा आपल्याकडच्या गर्दीत सारखीच वाजत राहते. मग माणूस वैतागून ती बंद करतो, किंवा तिचा आवाज त्याच्या कानात शिरेनासा होतो. दुसरा प्रकारही दिसतो. यंत्र आहेच सांभाळायला, या भरवशावर पुढच्या गाडीपासूनचं अंतर हळूहळू कमी होत जातं. त्यामुळे यंत्रणा कितीही चांगली असली तरी ती आणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न असतो, हिचा बीप कधी वाजणार नाही?

५. ‘फोनवर बोलताना हात मोकळे असले की झालं’, हे मी स्वतः मानायचे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिम्युलेटरवरच हे तपासलं होतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात फोनवर बोलणारे चालक ब्रेक लावायला उशीर करताना दिसले, आणि फोन हातात असो वा हॅंड्सफ्री, फारसा फरक पडला नाही. कारण गुंततं ते मन. आमच्या पडद्यासमोरही मी ते पाहिलं आहे. नजर समोर असते, सिग्नल लाल होतो, आणि पाय उशिरा हलतो. शेजारी बसलेला माणूस निदान अवघड वळण बघून बोलता बोलता थांबतो. फोनच्या पलीकडच्याला ते वळण दिसत नाही.

ती पलीकडची व्यक्ती बरीच वर्षं मीच होते. नवरा पुण्याहून निघाला की खंडाळ्याच्या आसपास माझा फोन ठरलेला, “कुठवर आलास?” काळजीपोटीच करायचे. आता करत नाही. निघताना तो फोन करतो आणि पोचल्यावर करतो. मधल्या तीन तासांत जीव टांगणीला लागतो, पण मी फोन लावत नाही. तुमचंही कुणी आत्ता रस्त्यावर असेल, तर त्याला पोचू द्या.