पाण्यातील लेशमूलद्रव्ये : एका सागरी रसायनशास्त्रज्ञाच्या कार्यावरून

पन्हाळा हा जांभ्या दगडाचा गड आहे. खाली काळा बेसाल्ट व वर जांभ्याचा थर, अशी येथील भूमीची रचना. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातील चुना, सिलिका इत्यादी द्रव्ये विरघळवून नेली. लोह व अ‍ॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे तेवढी मागे राहिली. जांभा तांबडा दिसतो तो त्यातील लोहामुळे. मग वाहून गेलेली द्रव्ये कोठे गेली? गडाच्या एका अंगाचे पाणी कासारीतून पंचगंगेला मिळते, तर दुसऱ्या अंगाचे वारणेला. दोन्ही नद्या पुढे कृष्णेत जातात आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात. डोंगरावर राहणाऱ्या माणसाचाही समुद्राशी असा संबंध आहे. म्हणून समुद्राचे पाणी तपासण्यात आयुष्य वेचणाऱ्या एका शास्त्रज्ञाचे कार्य विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, असे आम्हास वाटते.

प्रथम विषय समजून घेऊ. एक लिटर समुद्रजलात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांत मीठच बहुतांश. परंतु तांबे, जस्त, मँगॅनीज, आर्सेनिक, शिसे, पारा ही द्रव्येही त्यात असतात. मात्र त्यांचे प्रमाण ग्रॅमच्या दशलक्षाव्या भागाइतके किंवा त्याहूनही कमी. यांना लेशमूलद्रव्ये म्हणतात. लेश म्हणजे अत्यल्प अंश. यांपैकी तांबे, जस्त, मँगॅनीज सजीवांना थोडे हवेच, जास्त झाले की घातक. पारा व शिसे यांची तर शरीराला गरजच नाही.

गोव्यात दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिची स्थापना 1966 साली झाली. या संस्थेत डॉ. एम. डी. झिंगडे यांनी सागरी रसायनशास्त्रात काम केले. 1976 साली त्यांनी सहकाऱ्यांसह गोव्याच्या किनाऱ्यावरील व खाड्यांतील वनस्पती आणि प्राणी यांच्यातील आर्सेनिक, तांबे, जस्त व मँगॅनीज यांचे मोजमाप प्रसिद्ध केले. केवळ पाणी तपासून ते थांबले नाहीत, पाण्यातून सजीवांच्या देहात काय जाते हे त्यांनी पाहिले. पुढे 1981 साली ठाण्याची खाडी व मुंबई बंदर येथील पाऱ्यावर त्यांचा व डॉ. बी. एन. देसाई यांचा निबंध प्रसिद्ध झाला. संस्थेच्या मुंबई केंद्राचे प्रमुख म्हणूनही डॉ. झिंगडे यांनी काम केले. 2003 साली उल्हास खाडीच्या गाळातील पाऱ्यावर त्यांचा सहकाऱ्यांसह निबंध आला. एकाच विषयाचा, एकाच परिसराचा त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ पिच्छा पुरवला.

पाराच का? मिठाच्या द्रावणातून वीज सोडून कॉस्टिक सोडा व क्लोरीन तयार करण्याच्या जुन्या पद्धतीत पारा वापरीत. त्यातील काही सांडपाण्याबरोबर बाहेर पडे. पारा पाण्यात फार काळ राहत नाही, गाळात जाऊन बसतो. गाळातील जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तेथून तो सूक्ष्म जीवांत, लहान माशांत, मोठ्या माशांत व शेवटी माणसाच्या ताटात येतो. आणि दर पायरीला त्याचे प्रमाण वाढत जाते. जपानमधील मिनामाता येथे 1956 साली उघडकीस आलेला मज्जासंस्थेचा भयंकर रोग याच मार्गाने आला. तो प्रथम भोगला मासे खाऊन जगणाऱ्या कोळी कुटुंबांनी. कारखान्याचा माल दूर गेला, विष मात्र शेजारच्या गरिबांच्या वाट्याला आले. पुढे भारतातील कारखान्यांनी पाऱ्याची पद्धत क्रमाक्रमाने सोडली. पाऱ्यावरील मिनामाता करार 2013 साली झाला व भारताने त्यास 2018 साली मान्यता दिली.

येथे विद्यार्थ्यांनी एक हिशेब करून पाहावा. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दशलक्षावा भाग आहे. म्हणजे 1 ग्रॅम पारा 10 लाख लिटर पाण्याला ही मर्यादा गाठून देतो. दहा हजार लिटरचे शंभर टँकर! ते पाणी काचेच्या पेल्यात धरले तर स्वच्छच दिसेल. त्याला चव नाही, वास नाही. पाणी उकळले तरी जंतू मरतील, पण धातू निघून जाणार नाहीत.

इतके अल्प प्रमाण मोजायचे तर मोजणाऱ्याने आधी स्वतःची स्वच्छता सांभाळावी लागते. अमेरिकेतील क्लेअर पॅटरसन यांनी हे जगाला शिकवले. समुद्रातील शिशाचे जुने आकडे फार फुगलेले होते. कारण ते शिसे समुद्रातले कमी आणि बाटली, आम्ल, धूळ व बोटी यांतले अधिक होते. प्रयोगशाळा कसोशीने निर्मळ केल्यावरच खरे आकडे मिळाले आणि पेट्रोलमधील शिसे सर्वत्र कसे पसरले आहे हे सिद्ध झाले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले. जगातून ते 2021 साली गेले.

यातून आपण काय घ्यावे? आपल्या जिल्ह्यात ओतकाम आहे, हुपरीची चांदी आहे, इचलकरंजीचे कापड आहे. या धंद्यांवर हजारो घरे चालतात. त्यांच्यावर उगाच ठपका ठेवू नये. तसेच पाणी निर्मळ दिसते म्हणून निश्चिंतही राहू नये. मोजावे, पुन्हा मोजावे, आणि मोजलेले लोकांपुढे मांडावे. गरिबाची तक्रार पुष्कळदा ऐकली जात नाही, कारण तिच्याजवळ आकडा नसतो. तो आकडा मिळवून देणारी मुले आपल्या घरांतून निघावीत. रसायनशास्त्र घेऊन पदवीला बसणाऱ्या विद्यार्थ्याने हे क्षेत्र आपल्यासाठी नाही असे मुळीच समजू नये.

अभ्यासासाठी प्रश्न :
1. आपल्या गावचे पाणी कोणकोणत्या नद्यांतून समुद्राला जाते, याचा नकाशा काढा.
2. पाऱ्यासाठी पाण्याबरोबर गाळ आणि मासेही का तपासावे लागतात?
3. गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीत पाहा. त्यात कोणते धातू मोजले आहेत व कोणते नाहीत, त्याची यादी करा.