कल्याणमित्र कशासाठी?

लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात आज गिरिजात्मज गणपतीचे मंदिर आहे. मूळचे ते बौद्ध विहार होय. सभामंडपाभोवती भिक्खूंच्या खोल्या आहेत. ध्यान ज्याचे त्यानेच करायचे. तरीही विनयानुसार नव्या भिक्खूला किमान पाच वर्षे उपाध्याय वा आचार्यांच्या आश्रयाने राहावे लागे. असे का?

उदानातील मेघियाची कथा पाहा. आंबराई पाहून त्याला एकांतात ध्यानास बसावेसे वाटले. दुसरा भिक्खू येईपर्यंत थांबण्यास तथागतांनी दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा मात्र अडवले नाही. तेथे काम, द्वेष व हिंसेच्या विचारांनी त्याला घेरले. तो परतल्यावर तथागतांनी चित्त पक्व करणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्या. त्यांत पहिली, कल्याणमित्राची सोबत.

बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. म्हणून आपण बुवाबाजी सोडली, ते योग्यच झाले. पण त्याबरोबर कोणाला विचारणेही सोडले काय?

मी बँकेच्या काउंटरवर फार चिडत असे. एका ज्येष्ठ उपासकांना हे सांगितले. त्यांनी उपदेश केला नाही. राग आला की कारण वहीत लिहा, एवढेच म्हणाले. महिन्याने वही वाचली. बहुतेक वेळी चूक माझीच होती. ग्राहक ती फक्त दाखवीत होता.

जुन्नर-आंबेगावच्या विद्यार्थिमित्रांनो, जो शील पाळतो, पैसे मागत नाही, दोष तोंडावर सांगतो आणि तुम्हाला स्वतःच्या पायावर उभे करतो, तो कल्याणमित्र. असा एक जण शोधा आणि मनातली अडचण त्याच्यापासून लपवू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!