चकचकीत गोळ्या मोडू नकोस

तुझा मेसेज वाचला. 'ताई, आठव्यांदा मेले, आता गेमच उडवून टाकते.' थांब गं जरा. चहा ठेव आणि ऐक.

तू 'मेट्रो २०३३' खेळतेयस खरी, पण खेळतेयस दुसऱ्याच कुठल्यातरी गेमसारखी. हललं काही की झाडली गोळी! मीही पहिल्या खेपेला हेच केलं. मग बाजार भरलेल्या स्टेशनात पोचले, दुकानदारासमोर उभी राहिले, तर जवळ दमडी नाही. कारण तिथे गोळी हीच दमडी.

गोष्ट अशी, की २०१३ साली अणुयुद्ध झालं, वरचं मॉस्को संपलं आणि उरलीसुरली माणसं वीस वर्षं भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत राहतायत. युद्धाआधीच्या कारखान्यातल्या चकचकीत गोळ्या हे त्यांचं चलन. खाली भुयारात बनवलेल्या मळकट गोळ्या तेवढ्या मारक नाहीत, पण झाडायच्या त्याच. रिलोडचं बटण दाबून धरलंस की चकचकीत गोळ्या बंदुकीत भरल्या जातात. तुझं बहुतेक तेच होतंय. घरखर्चाचे पैसे फटाक्यांत चाललेत!

वर गेलीस की मास्क. फिल्टर किती उरला ते मनगटावरचं घड्याळ सांगतं, पण मी कान श्वासाकडे ठेवते. श्वास जड झाला की बदलायचा. मास्कच्या काचेला तडे गेले तर एखाद्या मेलेल्याचा मास्क काढून घ्यायचा. पहिल्यांदा मला कसंसंच झालं, दुसऱ्यांदा नाही. हे आईला सांगू नकोस.

आणि लायब्ररी. तिथे मोठमोठी केसाळ जनावरं फिरतात, त्यांना 'लायब्रेरियन' म्हणतात. समोर आलं की तू पळणार, हे मला माहीत आहे. पळू नकोस. बंदूक खाली, नजर त्याच्यावर, आणि तोंड न फिरवता हळूहळू मागे. गुरगुरेल, अंगावर आल्यासारखं करेल, पण बऱ्याचदा निघून जातं. पाठ दाखवलीस की संपलं. मी तेव्हा खरोखर खुर्चीसकट मागे सरकले होते.

एक गुपित सांगते. हा गेम तुझ्या वागण्याचा हिशेब ठेवतो आणि तो तुला कधीच दाखवत नाही. भिकाऱ्याला गोळी दिलीस, लोकांच्या गप्पा थांबून ऐकल्यास, की पडदा क्षणभर उजळतो, बस्स. पुढे एका लहान मुलाला खांद्यावर घेऊन भुयार पार करायचंय. त्याच्या वजनाने नेम हलतो, वैताग येतो. त्याची आई बक्षीस म्हणून गोळ्या पुढे करेल, त्या घेऊ नकोस. शेवट दोन आहेत आणि दुसरा या हिशेबावर उघडतो. कोणता, ते मी सांगणार नाही. गप्पा ऐकायचं तर तुला शिकवायलाच नको, आत्या-काकूंचं बोलणं दाराआडून तूच ऐकायचीस.

मला या गेममधली बंदूक फारशी आठवत नाही. शेकोटीभोवती बसून गिटार वाजवणारी माणसं आठवतात, तंबूमागे भांडणारं जोडपं आठवतं. मूळ कादंबरी दिमित्री ग्लुखोव्स्की या मॉस्कोच्या लेखकाची, त्याने ती आधी इंटरनेटवर टाकली होती. गेम मात्र बनवला युक्रेनमध्ये, कीव्हच्या फोर-ए गेम्सने, २०१० साली. मॉस्कोची भुयारं कीव्हमध्ये बसून रंगवली! आता त्या दोन शहरांमध्ये काय चाललंय ते तू बातम्यांत बघतेसच. युद्धाविरुद्ध बोलला म्हणून ग्लुखोव्स्कीला २०२३ मध्ये मॉस्कोच्या कोर्टाने त्याच्या गैरहजेरीत आठ वर्षांची शिक्षा सुनावली. हे कळल्यावर मी गेम पुन्हा सुरू केला तेव्हा पहिल्या स्टेशनातून बाहेरच पडवेना. नुसती लोकांचं बोलणं ऐकत फिरले.

तर आज रात्री हेडफोन लाव, दिवा बंद कर आणि दुकानात शिरण्याआधी मला फोन कर. चकचकीत किती उरल्यात, खरं सांग?