सीताफळाचे डोळे



गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर आठवीच्या वर्गातील एका मुलाने माझ्या टेबलावर दोन सीताफळे आणून ठेविली. एक गोल व भरदार. दुसरे एका बाजूने चांगले फुगलेले, पण दुसऱ्या बाजूने कोणी अंगठ्याने दाबून बसविल्यासारखे चपटे. दोन्ही एकाच झाडाची. "बाई, झाड एक, माती एक, मग हेच वाकडे का?" असा त्याचा प्रश्न. वाकडी फळे व्यापारी बाजूस काढतो, नाहीतर निम्म्या भावाने मागतो. त्याची आजी टोपली घेऊन बाजारात बसते. तेव्हा हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हता. मी कलाशाखेची पदवीधर, भाषा व इतिहास शिकविणारी. "खत कमी पडले असेल," असे काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. ते उत्तर चुकीचे होते, हे मला पुढे वाचनात आढळले. प्रस्तुत लेख ही त्या उत्तराची दुरुस्ती होय.

सीताफळ आपणांस नवे नाही. गुरे व शेळ्या त्याच्या पाल्यास तोंड लावीत नाहीत, म्हणून माळावर आणि शेताच्या बांधावर ते राखणीवाचून वाढते. शेजारच्या शिवनी जिल्ह्याचे सीताफळ प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले; आणि गंमत अशी की, बीडच्या ज्या डोंगररांगेवर ते पिकते तिचेही नाव बालाघाटच! नाव सीतेचे असले तरी हे झाड मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. पोर्तुगिजांच्या गलबतांतून ते इकडे आले, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. माझ्या माहेरी, कोकणीत, आम्ही त्याला 'आतेर' म्हणतो. पोर्तुगीज भाषेत फळ 'आता' आणि झाड 'आतैरा'. त्याचेच हे रूप.

सीताफळाचे फूल मात्र तुमच्यापैकी फार थोड्यांनी निरखून पाहिले असेल. ते हिरवट, खाली मान घालून लोंबणारे, तीन जाड पाकळ्यांचे असते. पाकळ्या दूर करून पाहिल्यास मध्यभागी एक लहानसा शंकू दिसतो. त्यावर अनेक स्त्रीकेसर दाटीने बसलेले असतात व त्यांच्या पायथ्याशी पुंकेसरांचे कडे असते. या प्रत्येक स्त्रीकेसराचा स्वतंत्र बीजकोश असून त्यात एकच बी धरण्याची सोय असते. परागकण पोहोचून फलन झाले की तो बीजकोश फुगतो, त्याच्याभोवती गर साठतो, आणि बाहेरून आपणांस एक 'डोळा' दिसतो. म्हणजे ज्याला आपण एक सीताफळ म्हणतो, ते वस्तुतः एकमेकांस चिकटलेल्या अनेक लहान फळांचे कुटुंब आहे. ज्या बाजूच्या स्त्रीकेसरांना पराग मिळाला नाही, ती बाजू वाढत नाही व फळ तिकडे चपटे राहते. त्या मुलाच्या फळाचे व्यंग मातीत नव्हते. ते चार महिन्यांपूर्वी फुलातच ठरून गेले होते.

पराग पायथ्याशीच असताना तो वर का पोहोचत नाही? निसर्गाने येथे एक अडचण घातली आहे. फूल प्रथम अर्धवट उघडते, तेव्हा स्त्रीकेसरांची टोके ओलसर, चकचकीत व पराग घेण्यास सिद्ध असतात; पण पुंकेसर अजून मिटलेले असतात. पुढे पाकळ्या पूर्ण फाकतात आणि पराग मोकळा होतो, तोवर बहुधा टोके सुकून गेलेली असतात. एका फुलाचा पराग दुसऱ्या, त्या वेळी स्त्री-अवस्थेत असलेल्या फुलात जावयास हवा. मधमाशीस या जाड पाकळ्यांच्या फटीत शिरणे साधत नाही. हे काम करतात तांदळाच्या कणीएवढे भुंगेरे. फुलाला पिकल्या फळासारखा वास येतो, त्यावर भुलून ते आत शिरतात आणि अंगाला लागलेला पराग घेऊन दुसऱ्या फुलात जातात. या भुंगेऱ्यांच्या कार्याविषयीचे इस्राएलमधील एक संशोधन १९८२ साली प्रसिद्ध झाले. वैशाखातील कोरड्या हवेत फुलांची टोके लवकर वाळतात, म्हणून त्या वेळच्या फुलांना फळ क्वचित धरते. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की फळधारणा वाढते.

हाच प्रकार एका दूरदेशीच्या फळात अधिक स्पष्ट दिसतो. शहरांच्या बाजारात अलीकडे किवी नावाचे तपकिरी, लवदार फळ विकावयास येते. त्याची बी चीनमधून न्यूझीलंडमध्ये १९०४ साली नेली ती इझाबेल फ्रेझर नावाच्या एका मुख्याध्यापिकेने. आमच्या व्यवसायास भूषण वाटावे अशी ही गोष्ट आहे. किवीचे नर व मादी वेल वेगवेगळे. चांगल्या फळात हजाराहून अधिक काळ्या बिया असतात, आणि बिया जितक्या अधिक तितके फळ मोठे. म्हणून तेथील बागाईतदार मादी वेलांमध्ये नर वेल राखतात व फुलोऱ्याच्या दिवसांत मधमाश्यांच्या पेट्या बागेत आणून ठेवितात. हिवाळ्याच्या थंडीवाचून तो वेल फुलत नाही, म्हणून आपल्याकडे तो लावण्याचा मोह कोणी धरू नये.

आता बागेच्या व्यवस्थेकडे वळू. सीताफळाचा कोंब पानाच्या देठाखाली झाकलेला असतो. पान गळल्याशिवाय तो बाहेर येत नाही. म्हणून झाड निष्पर्ण असताना, माघ-फाल्गुनात, हलकी छाटणी केली असता नवी फूट जोमाने येते व तिच्यावर फुले धरतात. दाट झालेल्या फांद्या काढल्याने आत ऊन-वारा खेळतो. दुसरी गोष्ट पालापाचोळ्याची. मोहफुले वेचणे सोयीचे व्हावे म्हणून आपल्याकडे झाडाखालचा पाला पेटवून देतात. ती आग बांधावरच्या सीताफळाखालीही पोहोचते. त्या पाल्यात जमिनीचा ओलावा टिकतो आणि कुजक्या फळांत हे भुंगेरे वाढतात. मात्र किडकी फळे साठू देणेही बरे नव्हे, कारण त्यांतून इतर किडी पसरतात. येथे शेतकऱ्याला तारतम्यच वापरावे लागते. फुलोऱ्यात विषारी फवारणी टाळावी, हे वेगळे सांगावयास नको.

स्पेन व चिली या देशांत सीताफळाच्याच कुळातील चेरिमोया या फळासाठी माणसे कुंचल्याने पराग लावितात. तोच प्रयोग आम्ही यंदा आषाढात त्या मुलाच्या आजीच्या झाडावर केला. सकाळी पूर्ण उमललेल्या फुलांचा पराग काचेच्या बशीत झाडून घेतला, चित्रकलेच्या बारीक कुंचल्याने तो अर्धवट उघडलेल्या फुलांत चहूबाजूंनी फिरविला आणि त्या फुलांच्या देठांस लाल दोरा बांधला. तितक्याच अस्पर्श फुलांस पांढरा दोरा बांधला. लाल दोऱ्याची काही फुले गळालीच. पुढे पाऊस लांबला तेव्हा धरलेली दोन फळेही सुकली, कारण सर्व डोळे भरावयाचे तर झाडाला पाणीही अधिक लागते. एक फळ माकडाने नेले. उरलेली बहुतेक गोल होती. पांढऱ्या दोऱ्याची दोनच टिकली, त्यांपैकी एक वाकडे.

एकेक फळ वर्गात फोडून मुलांनी बिया मोजल्या. (त्या चावू किंवा फोडू नयेत, त्यांची पूड डोळ्यांस फार अपायकारक असते.) वाकड्या फळाच्या चपट्या बाजूस एकही बी निघाली नाही. आजीबाईंनी लाल दोऱ्याची फळे टोपलीत वरच्या थरात मांडली, आणि पुढच्या आषाढात कुंचला मलाच द्या, असे बजावून ठेविले आहे.